मॅकडोनाची कविताही वाचायला द्या

महोदय,

होमरूलचा विषय निघाला की आपल्याकडे आयर्लंडचे नाव घेतले जाते आणि चर्चा पुढे सरकते. लोकमान्यांनी २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली, तो डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध झालेल्या ईस्टरच्या उठावाचा पाचवा दिवस होता. दुसऱ्याच दिवशी उठावाचा नेता पिअर्स याने शरणागती दिली. त्या उठावात जेकब बिस्किट कारखान्यातल्या तुकडीचा प्रमुख होता थॉमस मॅकडोना. कॉलेजात इंग्रजी शिकवणारा कवी. ३ मे रोजी किलमेनम तुरुंगात त्याला गोळ्या घातल्या, तेव्हा तो ३८ वर्षांचा होता.

मी स्वतः अनेक वर्षे इंग्रजी शिकवले. वर्गात आयरिश कवी येट्सची उठावावरची कविता शिकवताना तिच्यातल्या मॅकडोनावरच्या काही ओळी समजावून सांगायचो, पण त्याची स्वतःची एकही कविता मी वाचलेली नव्हती. याची मला आज खंत वाटते.

मॅकडोनाने आयरिश भाषा मोठेपणी, मेहनतीने आत्मसात केली आणि तिच्यातल्या जुन्या कविता इंग्रजीत आणल्या. त्यातली एक अठराव्या शतकातल्या एका मद्यप्रेमी कवीची आहे. गोठलेल्या तळ्याकाठी बगळ्याच्या कुळातला एक पिवळा पक्षी पाण्यावाचून मरून पडलेला त्याला दिसतो. त्याचे दुःख खरे आहे, पण प्रिया दारू सोड म्हणते आणि हा बिचारा तर प्यायला न मिळाल्याने मेला, असेही तो म्हणतो! हसता हसता घसा दाटून येतो.

मॅकडोना गेल्यावर फ्रान्सिस लेडविज या आयरिश कवीने त्याच्यावर विलापिका लिहिली. लेडविज त्या वेळी ब्रिटिश सैन्यात होता. ज्या सैन्याने मित्राला मारले त्याचाच गणवेश त्याच्या अंगावर होता. त्या पक्ष्याची साद आता मॅकडोनाच्या कानी पडणार नाही, अशी ती सुरू होते. पुढच्याच वर्षी, ३१ जुलै १९१७ला, बेल्जियमच्या आघाडीवर तोफगोळा पडून लेडविजही गेला. एकाच पक्ष्याने जोडलेल्या या दोन कविता शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर त्या देशाची तेव्हाची घालमेल कळते.

आपल्या रविवार पुरवणीत या दोन्ही कवितांचे मराठी अनुवाद छापावेत, ही विनंती. दोघांचे लेखन आता हक्कमुक्त आहे, त्यामुळे परवानगीची अडचण नाही. पक्ष्याच्या कवितेचा कच्चा अनुवाद मी केला आहे, पण त्या मद्यप्रेमी कवीची लकब मला साधलेली नाही. कुणा जाणकार कवीने त्यावरून हात फिरवायची तयारी दाखवली, तर मी तो लगेच पाठवीन.

– एक निवृत्त शिक्षक, सांगली