बांधकाम चालू, कॉलेजही चालू

लंडन, रविवार

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र आणि सोबतचे नकाशे मिळाले. कॉलेजची मधली इमारत पाडायची, तीन वर्षांत नवी उभी करायची आणि तेवढ्या काळात एकही तास बुडू द्यायचा नाही, असं तुमच्या विकास समितीनं ठरवलंय म्हणे. वर तू ‘आमचा इंजिनिअर मित्र लंडनला असतो’ असं सांगून मला त्यात ओढलंयस. आता भोग.

आर्किटेक्टनं रंगवलेलं चित्र झकास आहे. पण काचेच्या दरवाजातून हसत बाहेर पडणारी जी पोरं त्यात दाखवलीत ना, ती तुझ्या आजच्या वर्गातली नाहीत. आज एफ.वाय.ला असलेला पोरगा पत्र्याच्या कुंपणाला घासून वर्गात येणार, तीन वर्षं धूळ खाणार आणि डिग्री घेऊन चालता होणार. उद्घाटनाला त्याला कुणी बोलावणार नाही. मला सांगायचंय ते एवढंच. बाकीचं पत्र म्हणजे त्याचाच पसारा.

माझं ऑफिस किंग्जवेवर होतं तेव्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं असंच काम जाता-येता बघायला मिळालं. माझा त्या कामाशी धंद्याचा संबंध नव्हता, मी आपला बघ्या. पण बांधकामवाला बघ्या म्हटल्यावर नजर जायची तिथं जातेच. कॅम्पस म्हणून तुझ्या डोळ्यांपुढं मैदान, झाडं येत असतील तर विसर. हॉटन स्ट्रीट म्हणजे आपल्या पेठेतला बोळ. दोन्ही अंगांना इमारती, मध्ये पोरांचा लोंढा. त्यात ईस्ट बिल्डिंग, क्लेअर मार्केट, अँकरेज अशा जुन्या इमारती पाडून तिथं १३ मजली सेंटर बिल्डिंग उभी केली. आर्किटेक्ट रिचर्ड रॉजर्स यांच्या फर्मनं २०१३ साली तिच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली, २०१५ च्या सुमारास पाडकाम सुरू झालं आणि २०१९ मध्ये इमारत खुली झाली. तिथली बी.एस्सी. तीन वर्षांची, एम.एस्सी. बहुतेक एकाच वर्षाची. हिशेब तूच कर. २०१५ ला आलेली पदवीची बॅच २०१८ ला बाहेर पडली. पुरी झालेली इमारत तिच्या वाट्याला आलीच नाही.

तरी तिथली एक गोष्ट मला फार पटली. पाडापाडीला हात घालायच्या आधी, २०१४ मध्ये, त्यांनी सॉ स्वी हॉक स्टुडंट सेंटर बांधून घेतलं. लाल विटांची, कोनाकोनांची इमारत आहे. मला तर सेंटर बिल्डिंगपेक्षा तीच जास्त आवडते. विद्यार्थी संघटनेचा मुक्काम तोवर त्या जुन्या इमारतींत होता, तो आधी तिकडं हलला आणि मग हातोडा चालला. तुमच्या आराखड्यात मात्र ग्रंथालय, परीक्षा विभाग आणि ऑफिस ‘तात्पुरते इतरत्र’ एवढंच लिहिलंय. इतरत्र म्हणजे कुठं रे? आणि तात्पुरतं म्हणजे किती? म्हाडाच्या संक्रमण शिबिरांत तात्पुरती म्हणून गेलेल्या माणसांची नातवंडं तिथंच शाळेत जायला लागली, हे तुला मी सांगायला नको.

आता आवाज. इथं वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ही संस्था ज्या भागात येते त्या नगरपालिकेच्या, हद्दीत आवाजाची कामं सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६ आणि शनिवारी दुपारी १ पर्यंतच करता येतात. त्यामागं १९७४ चा प्रदूषण नियंत्रण कायदा आहे. नियम उत्तम, पण तो झोपलेल्या शेजाऱ्याची काळजी घेतो. कॉलेज भरतं नेमकं त्याच वेळात! आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत शैक्षणिक संस्थेभोवतीचा १०० मीटरचा पट्टा सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, तसा केला तर दिवसा मर्यादा ५० डेसिबल. काँक्रीट फोडणारा ब्रेकर त्याच्या कितीतरी वर जातो. तेव्हा कायद्याच्या भरवशावर राहू नकोस, टेंडरमध्येच लिहून घे: परीक्षेच्या दिवसांत पेपर चालू असताना ब्रेकर बंद, पाडकाम मे महिन्यात, पायाची खोदाई जमेल तेवढी दिवाळीच्या सुट्टीत. एकदा वर्क ऑर्डर हातात पडली की कंत्राटदार तुझ्या ‘जरा बघा ना साहेब’ला भीक घालणार नाही. या अटींसाठी तो दर वाढवून मागेल. द्या. दर्शनी भागाची काच थोडी कमी करा, पण द्या.

एक गंमत सांगतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या ओल्ड बिल्डिंगची कोनशिला पाचव्या जॉर्जनं १९२० साली बसवली आणि त्याच वर्षी बाबासाहेब अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला इथं परत आले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. म्हणजे त्यांचा काळही बांधकामाचाच. त्यांचा पुष्कळसा दिवस ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जायचा, ते एका परीनं बरंच झालं म्हणायचं. तेव्हाचे संचालक बेव्हरिज यांनी इमारतींचा असा काही सपाटा लावला की ‘सूर्य कधीच न मावळणारं साम्राज्य’च्या चालीवर लोक संस्थेला ‘काँक्रीट कधीच न सुकणारं साम्राज्य’ म्हणायला लागले.

तर, तुझ्या पोरांना बसायला म्युझियमचं वाचनालय नाही. म्हणून जिमखान्याच्या हॉलमध्ये अभ्यासिका हलवायची असेल तर ती आधी हलवा. पंखे, प्लग, पाण्याचा कूलर सगळं चालू झाल्याशिवाय जुन्या ग्रंथालयाला कुलूप लावू नका. नकाशात मुलींचं स्वच्छतागृह मधल्याच इमारतीत दिसतंय. ते पडल्यावर त्यांनी जायचं कुठं? समितीत एक तरी बाई आहे ना, तिला विचारलंत का? बोनाफाईडची खिडकी मागच्या गेटाशी नेलीत तर व्हीलचेअरवरचा मुलगा तिथवर जाणार कसा? डंपर आणि पोरं एकाच गेटातून आत घेऊ नका, हे तर अजिबात नको. राडारोडा उचलायची वेळ सकाळी ७ च्या आत ठेवा. आणि शिपायांना विचार. कुठल्या तासाला कुठल्या जिन्यात गर्दी तुंबते ते त्यांच्याइतकं आर्किटेक्टला कळत नाही.

तुमच्या प्राचार्यांना हा सगळा कटकटीचा मामला वाटेल. त्यांना उद्घाटनाची तारीख हवी असणार, साहजिक आहे. तू मात्र टेंडरचा मसुदा फायनल व्हायच्या आत मला पाठव. लाल पेन घेऊन बसतो. आणि मधल्या काळाचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवलाय की ‘किरकोळ’मध्ये ढकललाय, तेवढं फोनवर आधीच सांग.

वहिनींना नमस्कार. काकूंचा गुडघा कसा आहे ते या खेपेस तरी लिही.

तुझा,
दाद्या