रविवारी मी कॉलेजात काय करते

नांदेड

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने विचारलं, "रविवारीसुद्धा कॉलेज? मग घरी कधी येणार?" आणि बाबा, तुम्ही मागून म्हणालात, "त्या तासांचे पैसे तरी मिळतात का?" नाही मिळत. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला वेळापत्रकातल्या तासांचंच मानधन, आणि तेही कधी हातात पडेल याचा भरवसा नसतो. तरी रविवारचं हे काम मी सोडणार नाही. फोनवर ते धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

लातूर पॅटर्नचं नाव निघालं की आपल्याकडे सगळ्यांची मान ताठ होते. बारावीपर्यंत लेकराच्या एकेका मार्कावर अख्ख्या घराचा डोळा असतो. पण नीटला नंबर लागला नाही आणि लेकरू बीएस्सीला आलं, की त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पहिल्या सेमिस्टरला गणितात केटी, म्हणजे विषय राहतो, दुसऱ्याला आणखी एक, आणि मग एक दिवस बाकावरची जागा रिकामी. चौकशी केली तर कळतं, पुण्याला कंपनीत लागला, नाहीतर पोरीचं लग्न जमलं. अभ्यास झेपला नाही, मदतीला कोणी नव्हतं, हे कुणी तोंडाने सांगत नाही.

कच्च्या मुलांसाठी जादा तास घेतात, नाही असं नाही. पण त्या यादीत नाव आलं की पोरं तिकडे फिरकतच नाहीत. चारचौघांत 'ढ' ठरायला कोणाला आवडेल? यावरचा एक उपाय मी वाचला आणि तो मला मनापासून पटला. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या मिसूरी विद्यापीठात डिॲना मार्टिन नावाच्या बाईंनी 1973 साली तो सुरू केला. कच्ची मुलं शोधत बसण्याऐवजी त्यांनी अवघड विषय शोधले. ज्या विषयात दरवर्षी जास्त मुलं नापास होतात, त्याला एक जोड तास ठेवायचा आणि तो सगळ्यांना खुला. हुशार असो की काठावरचा, कोणीही यावं. तास घेतो तो त्याच विषयात चांगला पास झालेला वरच्या वर्गातला विद्यार्थी. तो खालच्या वर्गाच्या तासांना पुन्हा बसतो, पण पुन्हा लेक्चर देत नाही. उत्तरही सांगत नाही, प्रश्न विचारत राहतो.

आमचं रविवारचं त्याच धर्तीवर चालतं, कॅल्क्युलससाठी. सेकंड इयरची मुलं घेतात, मी मागच्या बाकावर बसते. त्यात कंधारकडची एक मुलगी आहे. दसरा झाला की तिचे आईवडील ऊसतोडीला जातात, ही आजीजवळ राहून शिकली. मागच्या वेळी एक पोरगा फळ्याशी होता. साइन एक्स भागिले एक्स, एक्स शून्याकडे जाताना किंमत किती? त्याने एक लिहिलं. हिने विचारलं, "एकच का?" तो म्हणाला, "वर शून्य, खाली शून्य. शून्य भागिले शून्य म्हणजे एक." उत्तर बरोबर, कारण साफ चूक. परीक्षेत त्याला पूर्ण मार्क मिळाले असते! हिने दुरुस्त केलं नाही, खडूही हातातून घेतला नाही. एवढंच म्हणाली, "बरं, मग साइन दोन एक्स भागिले एक्स कर. तिथंही शून्यावर शून्यच आहे ना?" तो करत बसला. वर्ग गप्प. मलाच बोलावंसं वाटत होतं, पण ती थांबली म्हणून मीही थांबले. दोन आल्यावर तो फळ्याकडे बघतच राहिला. मग स्वतःच आधीची ओळ पुसली आणि सुरुवातीपासून मांडायला लागला.

बाबा, तुमच्या वेळच्या जीएसच्या, म्हणजे कॉलेजातल्या विद्यार्थी सरचिटणीसाच्या, निवडणुकांच्या गोष्टी तुम्ही किती रंगवून सांगता. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने त्या थेट निवडणुका बंद झाल्या, 2016 च्या कायद्यात पुन्हा तरतूद झाली. त्या व्हाव्यात असं मलाही वाटतं. पण आता नेतृत्वविकास म्हणजे दिवसभराची कार्यशाळा, बाहेरून आलेल्या पाहुण्यांचं भाषण आणि शेवटी प्रमाणपत्र. मला ते पटत नाही. एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, सात दिवसांच्या शिबिरात काम अंगावर पडतं, तिथे पोरं खरंच घडतात, पण ती संधी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पुढे व्हायला लेकरू शिकतं ते कोणाची तरी जबाबदारी अंगावर पडली की. याच मुलीचं बघा ना. पहिल्या वर्षाला हजेरीसुद्धा ऐकू येईल अशी देत नव्हती. यंदा शिष्यवृत्तीचे फॉर्म कॉलेजच्या लॉगिनला अडकले, तर तिने वर्गात फिरून कोणाचा फॉर्म कुठे थांबलाय त्याची यादी केली, चौघांना घेऊन क्लार्ककडे गेली आणि फॉर्म पुढे जाईपर्यंत रोज विचारत राहिली. मी फक्त यादी कशी मांडायची ते दाखवलं होतं.

आमच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थही आधी मास्तरच होते, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, मग अंबाजोगाईला. निजामाविरुद्ध लोक त्यांच्या मागे उभे राहिले ते नंतर. हे मला तुम्हीच सांगितलं होतं, बाबा, परभणीच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना.

तेव्हा पगाराची नोकरी बघ, हे तुमचं म्हणणं मी टाळत नाही. सेटची, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेची, तयारी चालू आहे, जाहिरात निघाली की अर्ज करते. आई, या शनिवारी पोरांची परीक्षा आहे. पुढच्या शनिवारी संध्याकाळच्या गाडीने नक्की येते.

शेजारच्या काकूंची धाकटी यंदा इकडे प्रवेश घेणार आहे ना? तिला म्हणावं, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेव, शेवटच्या आठवड्यात रांग हलत नाही. बँकेचं खातं आधारला जोडलंय का तेही बघायला सांगा, पैसे त्याच खात्यात येतात. आणि गणित घेणार असेल तर पहिल्याच रविवारी आमच्याकडे पाठवा.

तुमची लेक