रात्रीच्या आवाजाचा हिशेब मांडा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंदूरहून आणखी विमाने सुरू करा, अशी मागणी करणारी वाचकांची पत्रे आपल्या अंकात वरचेवर येतात. मागणी रास्तच आहे. माझा मुलगा बंगळूरला असतो, सणावाराला तोही विमानानेच घरी येतो. पण त्या विमानांचा आवाज ज्यांच्या छपरावर पडतो, त्यांच्याविषयी चार ओळीही छापून आलेल्या मला आठवत नाहीत. म्हणून हे पत्र.

मी एरोड्रम रोडवर कालानी नगरात तीस वर्षे राहतो. पश्चिमेचा वारा असला की देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर उतरणारे विमान शहरावरून येते. दिवसा त्याचे काही वाटत नाही, रस्त्यावरच्या गाड्यांच्या गोंगाटात ते मिसळून जाते. रात्री मात्र घर हादरते. माझी आई नव्वदीला टेकली आहे. विमान गेले की ती दचकून उठते आणि विचारते, "पाऊस आला का रे? वाळवण आत घेतलंस का?" तिला समजावून पुन्हा निजवेपर्यंत अर्धा तास जातो, आणि तेवढ्यात कधी कधी दुसरे विमान येते. तिची झोप ज्यामुळे मोडते त्याचे मोल कुठल्याच वहीत लिहिले जात नाही, ही माझी तक्रार आहे.

माझी सगळी नोकरी वीज मंडळाच्या लेखा विभागात झाली. मीटरवर युनिट पडल्याशिवाय बिल निघत नाही, हे अंगात मुरलेले. त्यामुळे विमानाच्या आवाजाचे कायदे वाचायला घेतले तेव्हा पहिल्यांदा आकडे तपासले. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. विमानतळाभोवतीच्या पट्ट्यासाठी मात्र केंद्राने 2018 मध्ये वेगळी मर्यादा ठरवली. वर्षाला पन्नास हजारांहून अधिक विमाने चढत-उतरत असतील तिथे रात्री 65, बाकीच्या विमानतळांवर 60. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी युरोपसाठी विमानांच्या रात्रीच्या आवाजाची शिफारस केली, ती 40 डेसिबलची.

खरी गोम आहे ती सरासरीत. ही मर्यादा आठ तासांच्या सरासरीची आहे. समजा, एक विमान डोक्यावरून गेले आणि त्याचा सगळा आवाज एका सेकंदात गोळा केला तर तो 90 डेसिबल भरतो. आठ तासांचे सेकंद होतात 28,800. त्यावर तो पसरला की रात्रीची सरासरी येते जेमतेम 45. अशी दहा विमाने गेली तर 55, आणि अठ्ठावीस गेली तरी 60 ओलांडत नाही! म्हणजे आई रात्रीतून अठ्ठावीस वेळा दचकून उठली तरी कागदावर सगळे नियमात. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नसतो, आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली तरी आकडा तीननेच वाढतो. हे ज्याला माहीत नाही त्याला 55 आणि 58 मध्ये फारसा फरक दिसत नाही.

मग उपाय काय? रात्रीची विमाने सरसकट बंद करा, असे मी म्हणणार नाही. फ्रँकफर्टला 2011 पासून रात्री अकरा ते पाच नियमित विमाने बंद आहेत, पण आपल्या शहराला ते परवडेल की नाही हे मी ठरवू शकत नाही. मला पटलेला मार्ग परवान्यांचा आहे. वर्षभरात रात्री एकूण किती आवाज सोसायचा, हे आधी ठरवा. तेवढ्याचेच परवाने काढा. प्रत्येक विमान आपापल्या आवाजाच्या प्रमाणात परवाने खर्च करील. कमी आवाजाचे विमान आणणाऱ्या कंपनीकडे परवाने उरतील, ते तिने दुसरीला विकावेत. मोठा आवाज करणारे विमान आणायचे तर विकत घ्यावे लागतील. आणि परवान्यांची एकूण संख्या दरवर्षी थोडी थोडी कमी करत न्या.

हे हवेतले इमले नाहीत. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर 1993 पासून प्रत्येक विमानाला आवाजाप्रमाणे गुण दिलेले आहेत, दर तीन डेसिबलला गुण दुप्पट. रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळेसाठी हंगामाला गुणांची मर्यादा आहे, शिवाय विमानांच्या संख्येचीही, वर्षाला 5,800. दोन्ही मर्यादा आहेत, म्हणून सरासरीआड लपता येत नाही. गुण विमानाच्या प्रमाणपत्रावरच्या आवाजावरून ठरतात, त्यामुळे रोज मीटर घेऊन भांडत बसावे लागत नाही.

परवान्यांच्या बाजाराचे उदाहरण तर शेजारच्या गुजरातेतच आहे. सुरतेत 2019 साली दीडशेहून अधिक कारखान्यांच्या धुरातल्या कणांसाठी असा बाजार सुरू झाला. अशा कणांसाठी जगातला हा पहिलाच असल्याचे सांगितले जाते. चिमण्यांवर मीटर बसवले, एकूण धुराला मर्यादा घातली, आणि बाजारात सामील झालेल्या कारखान्यांचा धूर बाकीच्यांपेक्षा 20 ते 30 टक्के कमी झाला.

पण इथे एक धोका आहे आणि तो मी मुद्दाम सांगतो. धूर हवेत मिसळतो, आवाज मिसळत नाही. सुरतेत एका कारखान्याने कमी केलेला धूर दुसऱ्याने वाढवला तरी शहराच्या हवेत फार फरक पडत नाही. विमानाचा आवाज मात्र खालच्या घरांवरच पडतो. दुपारची बचत रात्री वापरायची मुभा दिली, किंवा धावपट्टीच्या मोकळ्या टोकाकडे वाचवलेले परवाने शहराच्या बाजूला खर्च करू दिले, तर कागदावर एकूण आवाज तेवढाच राहील आणि आमची रात्र आणखी वाईट होईल. म्हणून रात्रीचे परवाने वेगळे हवेत आणि धावपट्टीच्या दोन टोकांचेही वेगळे. कुठल्या टोकाने उतरायचे हे वारा आणि नियंत्रण कक्ष ठरवतात, त्यात पैशाने ढवळाढवळ होता कामा नये. यासाठीच हिशेब एका रात्रीचा न ठेवता हंगामाचा ठेवावा, म्हणजे वाऱ्याचा फेर त्यात सामावून जाईल.

दुसरी गोष्ट, हे परवाने पहिल्यांदा कोणाला द्यायचे? आज जे रात्री उडतात त्यांनाच फुकट वाटले, तर ते वतन होऊन बसेल. विमानतळावर उतरण्याच्या वेळांबाबत जगभर नेमके हेच झाले आहे. वेळ वापरत राहा, ती तुमचीच. हीथ्रोवर उतरण्याच्या आणि उडण्याच्या अशा वेळांच्या एका जोडीसाठी 2016 मध्ये ओमान एअरने सुमारे साडेसात कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या आल्या होत्या. खालच्या वस्तीला त्यातले काय मिळाले असेल? म्हणून माझा आग्रह आहे की परवाने लिलावानेच विकावेत. पैसा विमानतळाखालच्या वस्तीतल्या खिडक्या-दारांवर खर्च व्हावा, आधी शाळा, दवाखाने आणि म्हाताऱ्या माणसांची घरे. रोख रक्कम घरमालकाला देऊ नये. आमच्या भागात भाड्याने खोल्या घेऊन राहणारी शिकणारी मुले पुष्कळ आहेत, रात्र त्यांचीही मोडते आणि पैसा मात्र मालकाच्या खात्यात जाईल.

"पैसे भरले की आवाज करायला मोकळे," असे माझे एक मित्र म्हणाले. त्यांची भीती मला समजते, पण आज हे मोकळेपण एक पैसाही न भरता मिळते आहे. आणि अशा व्यवहाराला इंदूर नवखे नाही. आपल्या शहराने कचऱ्याच्या कामातून मिळालेले कार्बन क्रेडिट, म्हणजे हवेत जाणारा कार्बन कमी केल्याची विकता येणारी प्रमाणपत्रे, विकली आहेत. महानगरपालिकेने 2023 मध्ये जलूदच्या सौर प्रकल्पासाठी 244 कोटींचे हरित रोखे जनतेला विकले. घराघरांतला ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय या शहराला लागेल, असे पूर्वी कोणाला वाटले होते?

हे आत्ताच करायला हवे. मुंबई-दिल्लीच्या मानाने आपला विमानतळ लहान आहे, रात्रीच्या विमानांवर कोणाचा हक्क अजून घट्ट बसलेला नाही. विमाने दुप्पट झाल्यावर एकेक परवाना सोडवून घेणे फार कठीण जाईल.

सुरुवातीला मला एवढेच हवे आहे. रात्री दहा ते सहा या वेळेत कोणते विमान, कोणत्या प्रकारचे, किती वाजता, धावपट्टीच्या कोणत्या टोकाने आले-गेले, ही यादी दरमहा जाहीर करावी. या नोंदी विमानतळावर होतच असतात, त्या लोकांसमोर ठेवायला वेगळा खर्च नाही. गेल्या पावसाळ्यापासून मी स्वतःची एक वही ठेवली आहे, वेळ आणि विमानाची दिशा लिहिलेली. आईला पुन्हा निजवले की नोंद करतो. अधिकाऱ्यांनी यादी दिली तर ती वहीशी ताडून पाहता येईल. बैठक कोणीही बोलवावी, मी वही घेऊन यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त लेखापाल
कालानी नगर, इंदूर