बक्षीस नेमके कोणत्या चालीला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील टेनेसी राज्यात शेल्बीव्हिल या गावी दरवर्षी भरणाऱ्या ‘टेनेसी वॉकिंग हॉर्स नॅशनल सेलिब्रेशन’ या अश्वस्पर्धेवरील सचित्र लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. अकरा दिवसांचा तो सोहळा, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या ‘लेबर डे’ सुटीआधीच्या शनिवारी रात्री होणारी अंतिम लढत आणि ‘वर्ल्ड ग्रँड चॅम्पियन’ या किताबाभोवतीचे वलय यांचे वर्णन लेखकाने मोठ्या उत्साहाने केले आहे आणि त्यातील बराचसा तपशील बरोबरही आहे. मात्र सोबतच्या छायाचित्रात पुढचा पाय छातीच्या उंचीपर्यंत उचलून, मागचे अंग जमिनीकडे झुकवून चाललेला जो घोडा दिसतो, त्याच्या चालीला छायाचित्राखालील ओळीत ‘या जातीचा उपजत डौल’ असे म्हटले आहे. व्यवसायाने मी पशुवैद्यक होतो आणि घोड्यांच्या पायांशी माझा बराच काळ संबंध आला, म्हणून एवढे निःशंकपणे सांगू शकतो की ती चाल उपजत नाही. ती घडवलेली आहे, आणि ती कशी घडवली जाते हा अमेरिकेत गेली पन्नासहून अधिक वर्षे कायद्याचा, न्यायालयांचा आणि संसदेचा विषय झालेला आहे. लेखात यातले काहीही नसल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

या जातीची उपजत चाल वेगळी आहे आणि ती खरोखरच पाहण्यासारखी आहे. रवाल, म्हणजे स्वाराला हिसके न देणाऱ्या, चालीच्या जगभरातील घोड्यांमध्ये टेनेसी वॉकिंग हॉर्सचे स्थान वरचे आहे, ते त्याच्या ‘रनिंग वॉक’मुळे. या चालीत चार पावले चार स्वतंत्र ठोक्यांनी पडतात, एक तरी पाय सदैव जमिनीवर असतो आणि मागचे पाऊल पुढच्या पावलाच्या खुणेच्या पुढे, बहुधा सहा ते अठरा इंच, जाऊन पडते. मान तालात खालीवर होते, आणि दुडक्या चालीत स्वाराला बसतात तसे हिसके इथे बसत नाहीत. दिवसभर खोगिरावर बसून विस्तीर्ण शेतांची पाहणी करणाऱ्या दक्षिणेकडील जमीनमालकांना असाच घोडा हवा होता. ब्लॅक ॲलन या नावाने ओळखला जाणारा, १८८६ साली जन्मलेला घोडा या जातीचा मूळपुरुष मानला जातो. १९३५ मध्ये टेनेसीतीलच लुईसबर्ग येथे पैदासकारांची संघटना स्थापन झाली आणि जातीची नोंदवही सुरू झाली. त्यानंतर चार वर्षांनी, १९३९ मध्ये, पहिले ‘सेलिब्रेशन’ भरले. त्या वर्षी विजयी झालेला स्ट्रोलिंग जिम हा घोडा काही राजेशाही पागेत वाढलेला नव्हता. कष्टाच्या कामाला जुंपला जात असताना एका जाणकार प्रशिक्षकाच्या नजरेत तो भरला होता. शेल्बीव्हिलजवळच्या वॉरट्रेस गावात ‘वॉकिंग हॉर्स हॉटेल’च्या मागे त्याला पुरले आहे आणि या जातीवर प्रेम करणारे लोक आजही तेथे जातात. लेखकाने हा इतिहास दिला असता तर वाचकांना मूळ चाल आणि छायाचित्रातील चाल यांतला फरक आपोआप दिसला असता.

छायाचित्रातील चालीला तेथील लोक ‘बिग लिक’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिचे वेड वाढले. पुढच्या खुरांखाली अनेक थरांचे जाड, जड पॅड बसवायचे, खुराच्या वरच्या सांध्याभोवती सैल साखळ्या घालायच्या आणि प्रत्येक पावलागणिक त्या साखळ्या कातडीवर आदळू द्यायच्या, ही तिची उघड साधने आहेत. छुपे साधन म्हणजे वेदना. खुराच्या वरच्या नाजूक कातडीवर मोहरीचा तीव्र अर्क, रॉकेल, डिझेल यांसारखे दाहक पदार्थ चोळायचे, त्यावर प्लास्टिक गुंडाळून रात्रभर ते मुरू द्यायचे आणि मग त्याच हुळहुळ्या जागेवर साखळी आपटू द्यायची. विस्तवावर पाय पडलेला माणूस जसा पाय झटकन उचलतो, तसाच तो घोडा प्रत्येक पाऊल उचलतो आणि पुढच्या पायांवरचा भार टाळण्यासाठी शरीर मागे झुकवतो. काही जण खुराचा तळवा जिवंत भागापर्यंत तासून नाल ठोकतात किंवा पॅड आणि तळवा यांच्यामध्ये टणक वस्तू दडवतात. परिणाम तोच, फक्त कातडीवर खूण राहत नाही. या सर्व प्रकारांना मिळून ‘सोरिंग’ म्हणतात.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. पॅड लावलेला प्रत्येक घोडा जाळलेला असतो असे मी म्हणत नाही, आणि तसे म्हणता येणारही नाही. केवळ पॅड, साखळी आणि भरपूर मेहनत यांच्या जोरावरही घोडा पाय बराच उंच उचलू शकतो, असे तेथील अनेक प्रशिक्षक सांगतात. त्यातले काही नक्कीच खरे बोलत असतील. परंतु स्पर्धेत प्रश्न ‘बऱ्यापैकी उंच’ याचा नसतो, शेजारच्या घोड्यापेक्षा उंच याचा असतो. परीक्षक जोवर पावलाच्या अतिरेकालाच पहिल्या बक्षिसाची निळी फीत बांधत आहेत, तोवर घोड्याला न दुखवणारा प्रशिक्षक दुखवणाऱ्यापुढे हरणार, पुढच्या वर्षी मालक आपला घोडा जिंकणाऱ्या तबेल्यात नेणार आणि प्रामाणिक माणसाच्या हाती घोडेच उरणार नाहीत. म्हणून या प्रश्नाचे मूळ तबेल्यात नसून परीक्षकाच्या गुणपत्रिकेत आहे, असे माझे ठाम मत आहे. कायद्याने आजवर नेमके तेच सोडून बाकी सर्व ठिकाणी हात घातला.

कायदा १९७० सालचा आहे. सिनेटर जोसेफ टायडिंग्ज यांच्या पुढाकाराने ‘हॉर्स प्रोटेक्शन ॲक्ट’ संमत झाला आणि अशा प्रकारे दुखावलेला घोडा स्पर्धेत उतरवणे किंवा त्यासाठी त्याची वाहतूक करणे गुन्हा ठरले. पॅड आणि साखळ्या यांवर मात्र बंदी आली नाही. पुढे नियमांनी साखळीचे वजन सहा औंसांपर्यंत, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपर्यंत, मर्यादित केले. १९७६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन तपासणीचे काम मुख्यत्वे स्पर्धा भरवणाऱ्या संघटनांनीच नेमलेल्या तपासनिसांकडे गेले आणि अंमलबजावणीसाठी वर्षाला पाच लाख डॉलर एवढीच तरतूद मान्य झाली. एवढ्या मोठ्या देशातील सर्व स्पर्धांसाठी ही रक्कम किती अपुरी होती हे सांगायला हिशेबनीस लागत नाही.

तपासणीची पद्धतही समजून घेण्याजोगी आहे, कारण तिच्यातूनच पुढची पळवाट निघाली. तपासनीस घोड्याचा पाय उचलून खुराच्या वरचा भाग अंगठ्याने दाबतो आणि घोडा पाय ओढून घेतो का, अंग आक्रसतो का, हे पाहतो. यावर तबेल्यांनी शोधलेला उपाय असा, की घरीच खोटी तपासणी करायची आणि दुखऱ्या जागी दाब पडताच घोडा हलला तर त्याला मारायचे. काही दिवसांत घोड्याला कळते की हलण्यापेक्षा सोसणे बरे. खऱ्या तपासणीच्या वेळी तो दगडासारखा उभा राहतो आणि उत्तीर्ण होतो. कोणी तेवढ्या वेळेपुरते पाय बधिर करणारे औषध लावतात. माझ्या व्यवसायात दुखण्याची खूण ही निदानाची पहिली पायरी असते. ती खूणच प्राण्याकडून मारून काढून घेतलेली असेल, तर अंगठ्याने दाबून पाहणारा अत्यंत प्रामाणिक डॉक्टरही फसेल. आणि सगळे तपासनीस तेवढे प्रामाणिक नव्हते. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या महानिरीक्षकांनी २०१० मध्ये दिलेल्या लेखापरीक्षण अहवालात हितसंबंधांचा संघर्ष स्पष्ट शब्दांत नोंदवला आहे: सरकारी पशुवैद्यक उपस्थित असताना हेच तपासनीस अधिक दोष पकडत आणि तो नसताना कमी. तपासनिसांऐवजी पशुवैद्यकांनीच ही तपासणी करावी, अशी शिफारस राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०२१ च्या अहवालानेही केली.

शेल्बीव्हिलच्या इतिहासातील दोन प्रसंग लेखात यायला हवे होते. २००६ मध्ये सरकारी पशुवैद्यकांनी तपासणी कडक केली, तेव्हा अंतिम लढतीला पात्र ठरलेल्या घोड्यांपैकी बहुतेक बाद झाले आणि त्या वर्षी ‘वर्ल्ड ग्रँड चॅम्पियन’ निवडलाच गेला नाही. दुसरा प्रसंग २०१२ मधला. एका नामवंत प्रशिक्षकाच्या तबेल्यात प्राणिहक्क कार्यकर्त्यांनी गुप्तपणे केलेले चित्रीकरण दूरचित्रवाणीवर दाखवले गेले आणि घोड्यांच्या पायांना रसायने लावणे, त्यांना काठीने मारणे हे सर्व देशाने पाहिले. त्या प्रशिक्षकाने न्यायालयात गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली ती ७५ हजार डॉलर दंड आणि तीन वर्षे देखरेखीखालील मुक्तता. एका मोठ्या शीतपेय कंपनीने स्पर्धेचे प्रायोजकत्व सोडले. त्याच वर्षी अमेरिकन पशुवैद्यकांची राष्ट्रीय संघटना आणि अश्ववैद्यकांची संघटना या दोघींनी मिळून पॅड आणि साखळ्या यांवर पूर्ण बंदीची मागणी केली.

त्यानंतरची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती कंटाळवाणी आहे. बंदीचे विधेयक प्रतिनिधिगृहाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये मोठ्या बहुमताने संमत केले. सिनेटमध्ये ते पुढे गेले नाही. कृषी विभागाने २०१७ च्या आरंभी केलेला नियम सरकार बदलताच मागे घेतला गेला. २०२४ मध्ये नवा नियम आला, तो १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू व्हायचा होता. अमलात येण्याच्या तोंडावरच टेक्सासमधील संघीय न्यायालयाने पॅड आणि साखळ्यांवरील बंदीसह त्यातील महत्त्वाची कलमे रद्द केली. म्हणजे १९७० मध्ये जे उघडपणे चालत होते त्यातले निम्मे आजही कायदेशीर आहे.

आता ‘उपजत’ या मुद्द्याकडे. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २०१२ मध्ये घोड्यांच्या डीएमआरटी३ या जनुकातील एक बदल शोधून काढला. पाठीच्या कण्यातील, पायांच्या हालचालींचा ताल राखणाऱ्या चेतापेशींवर त्याचा परिणाम होतो, आणि रवाल चालीच्या बहुतेक जातींमध्ये, टेनेसी वॉकिंग हॉर्समध्ये तर जवळजवळ प्रत्येक घोड्यात, तो आढळतो. याचा अर्थ असा की चालीची क्षमता शिंगरू जन्माला येतानाच घेऊन येते. प्रशिक्षकाने ती फक्त खुलवायची असते. नोंदवहीने आणि पैदासकारांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले हे धन साखळीखाली दडपून टाकणे, हा मला क्रौर्याइतकाच मूर्खपणाही वाटतो.

स्पर्धेचे नियम चाल वाचवू शकतात, याचा दाखला आइसलँडिक घोड्यांच्या स्पर्धांमध्ये मिळतो. ‘टोल्ट’ ही त्यांची रवाल चाल आणि तिच्यासाठीही चुरस काही कमी नसते. परंतु या जातीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने नालेची जाडी १० मिलिमीटरपर्यंत आणि पायातल्या संरक्षक बुटाचे वजन २५० ग्रॅमपर्यंत बांधून दिले आहे. मोजपट्टी आणि तराजू यांना घोडा हलला की नाही हे पाहावे लागत नाही. दोन मिनिटांत निकाल लागतो. तेथे सर्व आलबेल आहे असेही नाही. स्पर्धकांच्या तोंडातील जखमांच्या पाहणीतून एका विशिष्ट प्रकारच्या लगामामुळे होणारी इजा लक्षात आली आणि त्या लगामावर बंदी घालावी लागली. पण ती घातली गेली, आणि स्पर्धा चालूच राहिल्या.

शेल्बीव्हिलमधील लोकांचा युक्तिवाद मला ठाऊक आहे: ‘बिग लिक’ गेली तर प्रेक्षक जातील, प्रेक्षक गेले तर हॉटेले, चारा विकणारे, नालबंद, प्रशिक्षक, सर्वांचा धंदा बसेल. ही भीती खोटी नाही; एका छोट्या गावाचे वर्षभराचे अर्थकारण त्या अकरा दिवसांवर उभे आहे. परंतु प्रेक्षक तर साखळ्या असतानाही कमी झाले आहेत, आणि माझ्या मते ते त्या असल्यामुळेच. साध्या नालेच्या, पॅड नसलेल्या घोड्यांच्या लढती याच स्पर्धेत दरवर्षी होतात. त्यांत मालक स्वतः स्वार होतात, किशोरवयीन मुले उतरतात आणि मूळ रनिंग वॉक स्वच्छ पाहायला मिळते. फक्त सर्वांत मोठा किताब आणि शनिवारची रात्र त्यांच्या वाट्याला येत नाही.

हा क्रम बदलण्यासाठी संसदेची किंवा न्यायालयाची वाट पाहण्याची गरज नाही. ‘वर्ल्ड ग्रँड चॅम्पियन’ हा किताब कायद्याने दिलेला नाही, तो आयोजकांचा स्वतःचा आहे. पुढच्या स्पर्धेच्या माहितीपत्रकात त्यांनी एवढेच छापावे, की हा किताब साध्या नालेच्या घोड्यालाच मिळेल, पावलाच्या उंचीला वेगळे गुण राहणार नाहीत, आणि मागचे पाऊल पुढच्या पावलाच्या किती पुढे पडते, चार ठोके किती स्वच्छ ऐकू येतात, मान किती मोकळी हलते, यांवर परीक्षक निकाल देतील. त्यानंतरच्या हंगामात तबेल्यातील रसायनांचे डबे कोणी तपासायला गेले नाही तरी चालेल, कारण ज्या पावलासाठी ते वापरले जातात त्याला तेव्हा गिऱ्हाईकच उरणार नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त पशुवैद्यक