जुन्या कोर्टाला हात लावणाऱ्यांचे आभार

खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ साली झाले. त्या काळाची ओळख करून देणारं संग्रहालय आता जुन्या कोर्टाच्या इमारतीत उभं राहतंय. ज्यांची नावं फलकावर येणार नाहीत, त्यांचे हे आभार.

पहिला मान सिमेंटचा गिलावा छिन्नीने, वीट न फोडता काढणाऱ्या गवंड्यांचा. सिमेंटमुळे भिंतीतली ओल आतच कोंडते, मग लोणा म्हणजे भिंतीतला क्षार फुटून वर येतो आणि विटेचा भुगा होतो. वरून कितीही रंग मारा, दोन पावसाळ्यांत पोपडे येणारच!

चुना भिजवून तीन आठवडे पाण्याखाली मुरवणाऱ्या बायांचेही आभार. एक भाग चुना, दीड भाग सुर्खी म्हणजे विटेची पूड, दीड भाग वाळू. गिलाव्याचा थर बोटभरापेक्षा जाड नाही. इथल्या मे महिन्यात खरी मेहनत ओली गोणपाटं सांभाळण्याची. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने घट्ट होतो, पण त्याला ओल लागते. झपाट्याने सुकला तर हाताला पीठ लागतं.

सुतारांनी सागाच्या तुळया अख्ख्या बदलल्या नाहीत. भिंतीत गेलेली टोकं तेवढी कुजली होती. तीच कापून नवा साग सांधला आणि हवा खेळायला बाजूने फट ठेवली. मंगलोरी कौलं एकेक वाजवून पाहिली, बद्द आवाजाची बाजूला काढली.

आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा तासू न देणाऱ्या त्या पोराचे खास आभार. हातांनी झिजलेला तो खळगा तसाच आहे.