दोन गाड्यांना ‘नको’ म्हणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार दुकानात येऊन मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा तुम्ही कुणाच्या तरी व्हीलचेअरखाली आडवे होतात आणि तिथूनच “बरं बरं, दहाचा पाना द्या तेवढा” म्हणालात. म्हणून हे पत्र. आणि ते चारचौघांत लिहितेय, कारण आम्ही केलेली चूक करायच्या अगदी तयारीत असलेली दोन-तीन घरं मला आमच्याच सोसायटीत दिसताहेत. तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता लिहीत नाही. “गर्दी नको, माझ्याकडं बसायला दोनच स्टुलं आहेत,” हे तुमचंच वाक्य.

आम्ही तुमच्याकडं गाडी घ्यायला आलोच नव्हतो, विकायला आलो होतो. दादानं न्यू जर्सीत बसून आईसाठी घडीची तीनचाकी मोबिलिटी स्कूटर मागवली होती, म्हणजे चालवत नाही त्यांनी बसून फिरायची बॅटरीची गाडी. त्याचा अभ्यास दांडगा. वजन किती, डिकीत मावते का, विमानात चालते का. 24 व्होल्ट, 10 अँपिअर-तास म्हणजे 240 वॅट-तास, आणि विमानात अशा गाडीची सुटी लिथियम बॅटरी 300 वॅट-तासांपर्यंत नेता येते. त्याचं गणित चोख होतं. तुम्ही ते सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, “आजी विमानात कितीदा बसतात?” सात वर्षांत एकदा, मी म्हटलं. “आणि गेटातून बाहेर?”

गेटाचं तर सगळं रामायण होतं. आमच्या गेटाशी रबरी गतिरोधक आहे, जेमतेम तीन इंच उंच. त्या गाडीचं पोट जमिनीपासून दोन इंचांवर. पुढचं चाक पलीकडं गेलं आणि गाडी पोटावर बसली. मागं दूधवाला, पुढं शाळेची रिक्षा, मध्ये आई. शेवटी वॉचमन आणि दूधवाल्यानं तिला गाडीसकट उचलून बाजूला ठेवलं. कुणी हसलं नाही, पण आईला ते न हसणंच जास्त लागलं. वर आल्यावर म्हणाली, “ते तुमचं खेळणं परत करा.” विकणाऱ्यांनी परत घेतलं नाही. पुढचे चार महिने ती वॉकर घेऊन खिडकीपर्यंत जायची आणि परत यायची.

तर तुमच्या दुकानात. मी सांगायला लागले: दोन्ही गुडघे झिजलेत, हृदयामुळं ऑपरेशन नको म्हणालेत, वय 77. तुम्ही हात वर करून मला थांबवलंत आणि स्टूल आईच्या जवळ सरकवलंत. “कुठं जायचंय तुम्हाला?” आम्ही पोरांनी परस्पर ठरवून टाकलेलं होतं, बाग आणि देऊळ. आई म्हणाली, “बँकेत. पासबुक भरून घ्यायला.”

काका, मी तिच्या फोनवर बँकेचं ॲप घालून दिलंय. रोज शिल्लक दाखवते. पण चाळीस वर्षं महापालिकेच्या शाळेत नोकरी केलेल्या बाईला पेन्शनचा आकडा छापलेला बघायचा होता, हे मला तुमच्या दुकानात कळलं. आणि मग ती आणखी एक जागा बोलली, मैत्रिणीच्या इमारतीपर्यंत. दोघी एकाच डहाणूकर कॉलनीत, चार इमारतींच्या अंतरावर, आणि वर्षभर फक्त फोनवर बोलत होत्या. मैत्रिणीला दिसत नाही, हिला चालवत नाही.

तुम्ही तेव्हा गाडी दाखवलीच नाहीत. एक जुनी व्हीलचेअर दिलीत आणि मला म्हणालात, ही रिकामी ढकलत घरापासून बँकेपर्यंत जा, जिथं अडेल तिथं थांबून टेपनं मोजा, वहीत लिहा. मला वाटलं, काय हे! वयाच्या पन्नाशीत रिकामी खुर्ची ढकलत कोथरूडमधून हिंडायचं. भाजीवाल्यानं दोनदा विचारलं, “पेशंट कुठं राहिला?” पण त्या पाऊण तासात मला माझा रोजचा रस्ता पहिल्यांदा दिसला. पदपथाच्या तोंडाशी दुचाक्या चढू नयेत म्हणून लावलेले खांब, दोन खांबांत 58 सेंटीमीटर. (मुंबईत अशाच खांबांची 2023 साली उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली होती. तेव्हा मी ती बातमी वाचून पान उलटलं होतं.) मग उखडलेले पेव्हिंग ब्लॉक, एका ड्रेनेजच्या झाकणाची वर आलेली कड, आणि बँकेच्या दारात दोन पायऱ्या. रॅम्प नाही.

आमच्या इमारतीचा रॅम्पही मोजायला लावलात. लिफ्टची जागा पार्किंगपेक्षा 45 सेंटीमीटर उंच, आणि बिल्डरनं ती उंची अडीच मीटरांत उतरवून टाकलेली. तुम्ही पाटीवर खडूनं लिहिलंत: एकास बारा. म्हणजे 45 सेंटीमीटरला पाच मीटर 40 सेंटीमीटर लांबी हवी. “हा रॅम्प नाही, घसरगुंडी आहे. आणि खाली येता येता लगेच वळायचंय. तीनचाकी इथं कलणार.”

वही बघून झाल्यावर तुम्ही आईकडं वळलात. मान वळवून मागची भिंत बघता येते का? त्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचा. पाठ न टेकता थोडा वेळ बसा. माझा अंगठा तुमच्या अंगठ्यानं दाबा. मला आपलं वाटत होतं, बॅटरीची गाडी, नुसतं बसायचं. तुम्ही सांगितलंत की स्कूटरला हात पुढं धरून कंबर ताठ ठेवावी लागते, ज्यांना ते जमत नाही त्यांना मोटारची व्हीलचेअर बरी, तिचं सगळं एका हाताच्या दांडीवर चालतं. आणि आईच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे हे तुमच्या लक्षात आलं, आमच्या नाही. बहुतेक गाड्यांना ॲक्सिलरेटर म्हणजे अंगठ्यानं दाबून धरायची पट्टी. पंधरा मिनिटांत तिचा हात भरून आला असता. तुम्ही म्हणालात, हँडल गोलाकार वळलेलं बघा, म्हणजे तीच पट्टी बोटांनी मागं ओढता येते.

दोन गाड्यांना तुम्ही ‘नको’ म्हणालात, त्यातली पहिली आमचीच. दुसरी तुमच्या दुकानात उभी होती, लाल, मोठ्या चाकांची, छान दणकट. दादाला व्हिडिओ कॉलवर ती फार आवडली, पैसे पाठवायला निघालाच होता. तुम्ही तिची लांबी मोजून दाखवलीत, मग माझ्या वहीतली बँकेपाशी वळायची जागा दाखवलीत. “वळणार नाही. तीनदा मागंपुढं करावं लागेल, आणि एवढा वेळ मागचा रिक्षावाला गप्प बसत नाही.” मला आठवतंय, तुमचा मदतनीस मुलगा तेव्हा तुमच्याकडं बघतच राहिला. महिनाभर ती गाडी तिथं उभी होती म्हणे.

तिसरी गाडी तुमची नव्हतीच. एका घरातले आजोबा गेल्यावर जिन्याखाली धूळ खात पडलेली चारचाकी. पोट पाच इंच वर, चाकं भरीव म्हणजे पंक्चरची भानगड नाही, सीट बाजूला वळून कुलूपबंद होणारी, हँडल हवं तसं. तुम्ही फोन लावून दिलात, पैसे आमच्याकडून परस्पर त्यांना द्यायला लावलेत, आणि स्वतः घेतले ते फक्त दोन नव्या बॅटऱ्यांचे आणि मजुरीचे. बॅटऱ्या लेडवाल्या घातल्यात. जड आहेत, पण ही गाडी कुणाला उचलायचीच नाहीये, ती पार्किंगमध्ये राहणार, असं तुमचं म्हणणं. दादाला ते पटायला दोन दिवस लागले.

मी आरटीओचं विचारलं तेव्हा तुम्ही नियम सांगितलात: शक्ती 250 वॅटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल तर तिला मोटार वाहन धरत नाहीत, नोंदणी नाही, लायसन नाही. आणि लगेच म्हणालात, “पण डंपर काही नियम वाचून येत नाही. कर्वे रोडला जायचं नाही. कॉलनीतल्या कॉलनीत.” वेगाचं बटण तुम्ही कासवाच्या चित्राजवळच पक्कं केलंत. आईनं ते ओळखलं आणि तिला राग आला होता, हे तुम्हाला आज सांगते.

आणि रॅम्प? तुम्ही म्हणालात, गाडी खालीच ठेवा, बाईंना तीन पायऱ्या उतरू द्या. कठडा मजबूत करून घ्या. फिजिओथेरपिस्टनंही तेच सांगितलं होतं, आम्ही मनावर घेतलं नव्हतं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. स्कूटर आली की लोक घरातलं चालणंही सोडतात आणि सहा महिन्यांत खुर्चीतून उठवत नाही, हे तुम्ही आईला माझ्यादेखत दरडावून सांगितलंत. तिला “आजी” म्हणणारे तुम्ही, ती शिक्षिका होती कळल्यापासून “बाई” म्हणायला लागलात, पण दरडावणं काही कमी झालं नाही.

रविवारी सकाळी सात वाजता तुम्ही आमच्या पार्किंगमध्ये आलात, त्या साइड व्हीलच्या ॲक्टिव्हावरून. कॅलिपर लावलेला पाय सोडवून घेत स्टुलावर बसलात आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मांडून आईला त्यांच्यामधून इंग्रजी आठ काढायला लावलंत. पहिल्या दिवशी सहा बाटल्या आडव्या. पट्टी सोडली की गाडी आपोआप थांबते, यावर तिचा विश्वास बसेना. ती पाय खाली टेकवायला जायची. तो विश्वास बसेपर्यंत तुम्ही “सोडा! हात सोडा!” एवढंच ओरडत होतात. वरच्या मजल्यावरचे लोक बाल्कनीत आले होते.

चावीचं तुम्ही सांगितलेलं तर मी प्रत्येकाला सांगते. चढताना-उतरताना चावी बंद. नाहीतर पदर पट्टीत अडकतो आणि माणूस अर्धा उतरलेला असताना गाडी चालू पडते. आईनं चावी कपाटाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात घातलीय, कमरेला. आणि मागचा तो पिवळा खटका, गाडी ढकलून न्यायला लागली तर दाबायचा. तो दाबला की ब्रेकच उरत नाही, त्यामुळं उतारावर त्याला हात लावायचा नाही, हे वॉचमनलाही तुम्ही दोनदा घोकून घेतलंत.

कमिटीनं चार्जिंगवरून बैठक बोलावली, ते तुम्हाला फोनवर सांगितलं होतंच. “सार्वजनिक विजेचा वैयक्तिक वापर.” तुम्ही म्हणालात, हिशेब करून न्या. 24 व्होल्ट, 35 अँपिअर-तास, म्हणजे पूर्ण रिकामी बॅटरी भरायला साधारण एक युनिट. आई बैठकीला स्वतः गेली आणि वर्षाचे पैसे आगाऊ टेबलावर ठेवून पावती मागितली. सेक्रेटरी तिचे माजी विद्यार्थी निघाले नाहीत, तसं झालं असतं तर बरं झालं असतं, पण पावती मिळाली.

आता बँकेचं. पहिल्या दिवशी मी मागून चालत होते, वीस पावलं अंतर ठेवून, तुम्ही सांगितल्याप्रमाणं. त्या उखडलेल्या ब्लॉकपाशी तिनं गाडी थांबवली, आधी उजवीकडं, मग मान वळवून मागं पाहिलं आणि रस्त्याच्या कडेनं काढली. बँकेच्या पायऱ्यांशी थांबून हॉर्न वाजवला. एक क्लार्क बाहेर आला, पासबुक आत घेऊन गेला, छापून आणून दिलं. मला वाटलं, झालं. आई म्हणाली, “हे काय झालं? मला आत जायचं होतं.” घरी आल्यावर तिनं व्यवस्थापकांना पत्र लिहिलं, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख करून. तो कायदा तिला तुम्हीच सांगितलात. रॅम्प अजून झालेला नाही. दुसरं पत्र गेलंय.

मैत्रिणीकडं मात्र ती मंगळवार-शुक्रवार जाते. मैत्रीण खाली येऊन कट्ट्यावर बसते, ही गाडीची सीट वळवून तिच्याकडं तोंड करते. मी एकदा दुरून पाहिलं, पासबुकातल्या नोंदी वाचून दाखवत होती.

एक काम आहे. टोपली सैल झालीय, भाजी जास्त झाली की चाकाला घासते. सवडीनं बघाल का? बॅटरीला अजून काही नाही, रोज रात्री चार्जिंगला लावतोय, पावसाळ्यात गाडी नेली नाही तरी.

आणि बरोबर तुमचं बिल परत पाठवतेय, रागावू नका. पैसे दिलेले आहेत. ‘बॅटरी बदलणे व दुरूस्ती’ यातल्या ‘रू’खाली आईनं लाल रेघ मारून ‘रु’ केलाय, आणि समासात लिहिलंय: 10 पैकी 9.

तुमची,
बाईंची मुलगी