नमुना घेतल्याची वेळ

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझ्यापुढे आत्ता पत्नीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आहे. त्यावर छापलंय, नमुना घेतल्याची वेळ : दुपारी ४ वाजून १२ मिनिटे. ते रक्त काढताना मी शेजारी उभा होतो. भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे नऊ पस्तीस झाले होते. घड्याळाकडे बघायची खोड मला नोकरीनं लावली. सरकारी प्रयोगशाळेत मी ३१ वर्षं तंत्रज्ञ होतो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आता त्याच काउंटरच्या अलीकडच्या बाजूला उभा असतो.

मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याला ग्रामीण रुग्णालय आहे, ३० खाटांचं. पत्नीला बीपी आणि साखर दोन्ही. मे महिन्यात नेहमीची तपासणी होती. रक्त घेणाऱ्या मुलीचा हात हलका होता, एका टोचणीत काम झालं. तिनं लाल टोपणाचा एकच प्लेन बल्ब, म्हणजे रक्त साठवायची साधी नळी, भरला. मी विचारलं, साखरेसाठी राखाडी टोपणाचा नाही का? म्हणाली, "काका, फ्लोराइडचे संपलेत, यातच होईल सगळं." मी गप्प बसलो. निवृत्त माणसानं फार विचारू नये, असं घरीही ऐकतोच.

तो बल्ब स्टँडमध्ये गेला आणि स्टँड खिडकीपाशी टेबलावर. मला औषधाच्या रांगेत बराच वेळ लागला म्हणून पुढचंही दिसलं. पावणेएकला मोटारसायकलवाला मुलगा आला, सगळे बल्ब बर्फाच्या डब्यात टाकले आणि निघाला. वाटेत दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांचे नमुने उचलायचे, मग ६२ किलोमीटरवर जिल्ह्याच्या गावी जायचं. तिथं बल्बला बारकोड चिकटला तो ४ वाजून १२ मिनिटांनी. संगणकाच्या लेखी रक्त तेव्हा निघालं.

वाचकांना वाटेल, सकाळ काय नि दुपार काय, रक्त तेच. तसं नसतं. बल्बमध्ये गेलेलं रक्त जिवंत असतं. पेशी आतली साखर खात राहतात, दर तासाला पाच-सात टक्के, उन्हाळ्यात त्याहून जास्त. फ्लोराइड ते खाणं रोखतं, म्हणून तर तो राखाडी बल्ब. पोटॅशियमची गंमत वेगळीच. पेशीच्या आत ते बाहेरच्या सुमारे तीसपट असतं आणि पेशी सतत मेहनत करून ते आत धरून ठेवते. बल्ब यंत्रात न फिरवता थेट बर्फात ठेवला की ही मेहनत थांबते आणि पोटॅशियम पाझरत बाहेर, सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पिवळसर पाण्यात, येतं. म्हणजे नमुना जपायला म्हणून घातलेला बर्फच इथं घात करतो. त्यावर उपाय जुनाच आहे. रक्त अर्धा तास गोठू द्यायचं, दहा मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, फिरवायचं, सिरम वेगळं करायचं, मग खुशाल बर्फात घाला. सेंट्रिफ्यूज त्या खोलीत होता. त्यावर कॅलेंडरची गुंडाळी ठेवलेली होती.

रात्री नऊच्या सुमारास माझ्या मोबाईलवर इंग्रजीत संदेश आला, रिपोर्ट तयार आहे. दुसऱ्या दिवशी अकराला डॉक्टरांनी तो उघडला. पोटॅशियम ६.२, साखर ८८. रक्त काढलं त्या सकाळी घरच्या ग्लुकोमीटरवर मी स्वतः १२४ पाहिली होती. पोटॅशियम चढलेलं आणि साखर उतरलेली, हे जोडपं एकत्र दिसलं की आम्ही जुने लोक आधी विचारायचो, बल्ब किती वेळ पडून होता? पण रिपोर्टवर तर ४ वाजून १२ मिनिटे. त्या वेळेवर विश्वास ठेवायचा तर आकडा खराच मानायला हवा.

डॉक्टरांना दोष द्यायला मी पत्र लिहीत नाही. तरुण मुलगा आहे, त्या दिवशी ओपीडी तुडुंब. पत्नीला बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे, त्या गोळीनंही पोटॅशियम वाढू शकतं. त्यानं ताबडतोब ईसीजी काढला. तो साफ होता, पण साफ ईसीजीच्या भरवशावर ६.२ सोडून देता येत नाही आणि पुन्हा पोटॅशियम बघायची सोय रुग्णालयात नाही. मी त्याला बल्बचं सांगितलं. तो म्हणाला, "सर, तुमचं पटतंय, पण मी लिहू काय?" खरंच होतं. त्यानं चिठ्ठी लिहिली, १०८ बोलावली, आम्ही ६२ किलोमीटर गेलो. पुण्याहून मुलगा निघाला. पत्नी गाडीत एकदाच बोलली, गॅस बंद केलाय का म्हणून. जिल्ह्याच्या ठिकाणी समोर रक्त काढलं, समोर फिरवलं, तासाभरात आकडा आला : ४.४.

सुटलो, म्हणून विषय सोडून द्यावा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मला सोडवेना. कारण दुसरी बाजू पाहा. तो ६.२ खरा असता तर? रात्री नऊला यंत्रातून तो आकडा बाहेर पडला तेव्हा कुणी ना डॉक्टरांना फोन केला, ना आम्हाला. असा आकडा हृदय बंद पाडू शकतो. आमच्या वेळी त्याला लाल शाईनं गोल करायचो आणि रिपोर्ट शिपायाच्या हाती न देता स्वतः वॉर्डात पळायचो. म्हणजे खोटा असेल तर ६२ किलोमीटर पळापळ, आणि खरा असेल तर रात्रभर कुणालाच पत्ता नाही. अशा तपासणीचा उपयोग नेमका कुणाला झाला?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत झाले. मी त्याचं मनापासून स्वागत केलं होतं. केंद्राच्या मोफत निदान योजनेत तर प्रत्येक पायरीचा आकडाच ठरलेला आहे : उपकेंद्रात १४ तपासण्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३, आमच्यासारख्या ठिकाणी ९७, उपजिल्हा रुग्णालयात १११, जिल्ह्याला १३४. आमच्याकडे या ९७ ची यादी फलकावर रंगवलीय, अक्षर सुरेख आहे. दुपारी दोननंतर त्या यादीतलं काय होतं, हे मी रात्रपाळीच्या सिस्टरला विचारलं. स्ट्रिपवर साखर, लघवीची पट्टी, मलेरियाचं कार्ड, गर्भधारणेचं कार्ड. संपलं. बाळंतपणाला रक्तस्राव होत असलेली बाई रात्री अकराला आली तर तिचं हिमोग्लोबिन डोळ्याच्या पापणीखाली बघून ठरतं. त्यापेक्षा हिमोग्लोबिन मोजायची जुनी साहलीची नळी परवडली की, असं मला म्हणावंसं वाटलं.

बरं, रुग्णालयाची स्वतःची प्रयोगशाळा नाही असंही नाही. खोली आहे, तंत्रज्ञ आहे, पेशी मोजणारं यंत्र आहे, रक्तातले बाकीचे घटक मोजणारा अॅनालायझर आहे. दोन्ही यंत्रांवर फुलाफुलांचं कापड घातलंय, लग्नात आलेल्या टीव्हीला घालतात तसं. रिएजंट, म्हणजे तपासणीला लागणारी रसायनं, येत नाहीत. का, तर तपासण्या ठेक्यानं बाहेर दिल्यात, मग इथं रिएजंट कशाला? तंत्रज्ञ दिवसभर थुंकीच्या आणि मलेरियाच्या स्लाइड बघतो. काम महत्त्वाचंच आहे, पण शेजारी दीड हात अंतरावर पोटॅशियम खराब होत असताना तो बल्ब फिरवायला उठू शकत नाही, कारण तो 'त्यांचा' नमुना आहे. मी त्याला विचारलंही. लाजला बिचारा.

आता एक्स-रेचं. यंत्र नवं आहे, डिजिटल, चित्र असं स्वच्छ येतं की आमच्या काळातल्या डार्करूमवाल्यांना हेवा वाटावा. फिल्म मात्र मिळत नाही. "स्क्रीनचा फोटो काढून घ्या" असं सांगतात. शेजारचा अकरावीतला पोरगा मोटारसायकलवरून पडला, मनगट सुजलं. त्याच्या आईनं मोबाईलवर फोटो काढला तो मी पाहिला. स्क्रीनवर ट्यूबलाइटचा पट्टा पडलेला, बरोबर हाडाच्या टोकावर. एका कोपऱ्यात तिचा स्वतःचा अंगठा. आणि डावा की उजवा हे सांगणारं अक्षर फोटोच्या कडेबाहेर गेलेलं. चित्रं दोन काढली होती, एक समोरून आणि एक बाजूनं. तिनं एकाचाच फोटो घेतला, दुसरंही घ्यायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नाही. हाडांच्या डॉक्टरांनी तो फोटो बोटांनी मोठा-लहान करून पाहिला आणि म्हणाले, नवीन काढून आणा. साडेतीनशे रुपये. दोनदा किरण अंगावर. मोफत एक्स-रे असा पडला.

याच खोलीत शिशाचा एप्रन खुर्चीवर घडी घालून ठेवलेला दिसला. एप्रन टांगायचा असतो, घडी घातली की आतल्या शिशाला चिरा जातात आणि किरण तिथूनच शिरतात. हे माझ्या तक्रारीत बसत नाही, पण दिसलं म्हणून लिहिलं. घालणारा मुलगा पंचविशीतला आहे.

सोनोग्राफीबद्दल लोक सगळ्यांत जास्त बोलतात आणि सगळ्यांत चुकीचं बोलतात. यंत्र कुलपात का, याचं उत्तर बऱ्याच जणांना माहीत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशाचा कायदा १९९४ चा, पण महाराष्ट्रानं त्याआधीच, १९८८ मध्ये, स्वतःचा केला होता. यंत्राची नोंदणी लागते, चालवणारा डॉक्टर नोंदलेला लागतो, प्रत्येक गर्भवतीचा एफ फॉर्म भरावा लागतो. हे कुलूप योग्यच आहे. मराठवाड्यात मुलींचं काय झालं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, ते कुलूप सैल करा असं मी कधीच म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की किल्ली असलेला डॉक्टर महिन्यातून दोनच मंगळवारी येतो आणि त्या दोन दिवसांत तालुक्यातल्या बायका उरकत नाहीत. अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी बाळात व्यंग आहे का हे बघण्यासाठी असते. नंबर बाविसाव्या आठवड्यात लागला तर उशीर झालेला असतो. मग हजार-बाराशे मोजून बाहेर जायचं. जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईच्या तपासण्या, सोनोग्राफीसकट, २०११ पासून मोफत आहेत. फलकावर तेही रंगवलेलं आहे.

मला डॉक्टर आणून द्या, नवी इमारत बांधा, असं मी मागत नाही. ती मागणी करणारे बरेच आहेत, निवडणुकीत ऐकू येतात. माझी मागणी पेन्सिलीएवढी आहे. रक्त काढलं की बल्बच्या चिठ्ठीवर वेळ लिहा. रिपोर्टवर तीच वेळ छापा, बारकोडची नको. बर्फात जाण्याआधी प्लेन बल्ब तिथल्या तिथं फिरवा, मग ठेका कुणाचाही असो. धोक्याचा आकडा आला तर यंत्रापाशी बसलेल्यानं त्याच मिनिटाला रुग्णालयाच्या ड्युटी डॉक्टरला फोन लावावा आणि कुणाशी बोललो ते वहीत लिहावं. हिमोग्लोबिन, पेशी, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम या चार-पाच तपासण्यांपुरते तरी रिएजंट रुग्णालयाला द्या आणि त्या कापडाखालची यंत्रं रात्री चालू ठेवा. बाकीच्या ९० जाऊ देत मोटारसायकलवरून.

यातलं काही मी रुग्णकल्याण समितीच्या बैठकीआधी लेखी दिलं होतं. पोच मिळाली, शिक्का आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दोन तास येऊन बल्ब फिरवून देतो, पैसे नकोत, असंही सांगून पाहिलं. बाहेरच्या माणसाला तशी परवानगी देता येत नाही म्हणाले. नियम म्हणून बरोबर असेल. ३१ वर्षं आतला होतो, सहा वर्षांत बाहेरचा झालो.

पत्नीची पुढची तपासणी ऑगस्टमध्ये आहे. राखाडी टोपणाचे दोन बल्ब मी बाजारातून आणून ठेवलेत. पेन्सिलही खिशात असेल. बल्बच्या चिठ्ठीवर वेळ रुग्णाच्या नवऱ्यानं लिहिली तर चालते का, एवढं संबंधितांपैकी कुणी आपल्या पेपरातून कळवलं तर बरं होईल.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
(नाव व पत्ता संपादकांकडे)